मुन्तिलानचा चोबेक हॉलंडात बेपत्ता

“शोधयंत्राला जगातलं सगळं सापडतं. शोधयंत्राला जे सापडत नाही, ते मला सापडतं. आता मोठा कोण, ते तुम्हीच ठरवा.”

एवढं बोलून बापाक दानुर, म्हणजे दानुरसाहेब, खुर्चीत मागे रेलत आणि समोरच्याला ठरवायला वेळ देत. समोरचा बहुधा चहाचा पेला कुठे टेकवावा याच विचारात असे, कारण टेबलावर जागाच नसायची. मग बापाक पुढचं सांगत. आपण मध्य जावातले पहिले आणि आजवरचे शेवटचे संकेतस्थळ-गुप्तहेर आहोत. कोणाचं दुकान कुठल्या देशात कितव्या पानावर दिसतं, का दिसतं, आणि दिसेनासं झालं तर त्यामागे कोणाचा हात आहे, हे आपल्याला नुसत्या वासावरून कळतं. तापे विकणाऱ्या एका बाईंना आपण सिंगापुरात थेट पहिल्या पानावर नेऊन बसवलं. आपला मेंदू मेरापी ज्वालामुखीसारखा आहे, वरून शांत आणि आत सतत काहीतरी चाललेलं.

लास्त्रीला हे सगळं तोंडपाठ होतं. ती त्यांची मदतनीस. म्हणजे पानं दुरुस्त ती करायची, भाषांतरं ती करून घ्यायची, फोन ती उचलायची आणि वास घेण्याचं काम तेवढं बापाकांकडे होतं. तापेवाल्या बाईंचं पुढे काय झालं तेही तिला ठाऊक होतं. तापे म्हणजे आंबवलेला भात. तो पाकिटात बसून सिंगापूरच्या वाटेवरही आंबत राहिला, फुगला, आणि ऐन तपासणीच्या टेबलावर फुटला. बापाक ही हकिगत सांगताना पहिल्या पानापाशीच थांबत.

त्या दिवशी समोर बसल्या होत्या इबू वेनिंग, म्हणजे वेनिंगबाई. मुन्तिलानच्या मोठ्या रस्त्याला लागून त्यांचं दगडकामाचं आवार. वडलांनी मूर्ती घडवल्या, इबू वेनिंगनी चोबेक घडवून घेतले. चोबेक म्हणजे सांबालची चटणी वाटायचं दगडी तबक. मेरापीच्या काळ्या दगडाचा चोबेक एकदा घरात आला की सासूकडून सुनेकडे जातो आणि दोघींपैकी कोणीही त्याला नाव ठेवत नाही. दोघींचं एकमत असलेली घरातली तेवढी एकच वस्तू.

“काय सांगू, बापाक,” इबू वेनिंग म्हणाल्या. “हॉलंडमधून मागण्या यायच्या, ऑस्ट्रेलियातून यायच्या, जपानमधूनही यायच्या. लेबारानची, ईदची सुट्टी झाली आणि सगळं थांबलं. नातवाच्या वयाचा एक पोरगा तिकडून फोन करून म्हणाला, आजी, तुमचं दुकान शोधलं तर सापडत नाही.”

“आणि आपल्या देशात?”

“आपल्या देशात पहिल्या पानावर आहे. पण इथल्या माणसाला चोबेक हवा असला की तो मोटरसायकल थांबवून घेतो. पानं कशाला उघडत बसेल?”

“म्हणजे मारेकऱ्यानं देहाला हात लावला नाही, फक्त सावली पळवली,” बापाक म्हणाले.

“मारेकरी कुठून आला?” इबू वेनिंगनी लास्त्रीला हळूच विचारलं.

“येतो तो. प्रत्येक वेळी येतो,” लास्त्री म्हणाली. “तुम्ही चहा घ्या.”

पण इबू वेनिंगना चहा जात नव्हता. आवारात पाच कारागीर होते. त्यांतले थोरले म्बाह जोयो, म्हणजे जोयो आजोबा, इबूंच्या वडलांच्या हाताखाली शिकलेले. परदेशातलं काम थांबल्यावर पाचही जणांना बसवून ठेवणं इबूंना झेपेना, आणि इबूंनी आपल्यासाठी ओढाताण करावी हे कारागिरांना बघवेना. पलीकडच्या वळणावर इबूंच्या चुलतभावाचा, हार्तोयोचा, फरशीचा कारखाना होता. सोमवारपासून पाचही जण तिथे जायचं म्हणत होते. फरशी यंत्र कापतं. माणसाने नुसतं ती उचलून ठेवायची.

“वर्षभर फरशा उचलल्या की छिन्नी कशी धरायची ते हात विसरतो,” इबू वेनिंग म्हणाल्या. “परत बोलावलं तरी जे गेलं ते येत नाही. मला त्याची भीती वाटते, बापाक. बाकी कशाची नाही.”

लास्त्रीला त्यांचं वाईट वाटलं. बापाकांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी चक्क स्वतः उठून इबूंच्या पेल्यासाठी टेबलावर जागा केली. मग म्हणाले, “हार्तोयो. आवडलं मला हे नाव. गुन्हेगाराला शोभतं.”

तपास त्याच दुपारी सुरू झाला. बापाकांनी स्वतःच्या संगणकावर चोबेक शोधला आणि इबू वेनिंगचं दुकान सगळ्यात वर आलं. त्यांनी लगेच लास्त्रीला हाक मारली. “बघ. मी नुसता हात घातला आणि प्रकरण सुटलं.”

“बापाक, आपण जावात बसून शोधतोय. शिवाय सकाळपासून तुम्ही हेच दुकान चाळीसदा उघडलंत. शोधयंत्राला कळलंय तुम्हाला काय आवडतं. ते तुम्हाला तोंडदेखलं बोलतंय.”

“मला?” बापाकांना हे लागलं. “मग वेशांतर करावं लागेल.”

वेशांतर म्हणजे एक साधी सोय होती. ती चालू केली की संगणक आपण दुसऱ्याच देशात बसलोय असं सांगतो. लास्त्रीने एक बटण दाबलं आणि संगणक हॉलंडात गेला. पण बापाकांचं तेवढ्याने समाधान होईना. त्यांनी कपाटातून लोकरीची टोपी काढून घातली, लास्त्रीला चीज आणायला पिटाळलं आणि ते खात, घाम पुसत, हॉलंडच्या नजरेने शोध घेतला. ऑस्ट्रेलियासाठी रुंद काठाची हॅट आली. जपानी होण्यासाठी त्यांनी चपला काढायचं ठरवलं, पण चपला सगळ्यांनी आधीच दाराबाहेर काढलेल्या होत्या. म्हणून ते जरासे वाकून बसले.

कुठेच काही नाही. हॉलंडात दहा पानं उलटली, वीस उलटली. लोखंडी खल आले, लाकडी खल आले, खल विकणाऱ्यांचे वाढदिवस आले, इबू वेनिंग आल्या नाहीत. ऑस्ट्रेलियात तीच गत, जपानमध्येही तीच. हॉलंडात तिसऱ्या जागी मात्र एक ओळखीचं नाव झळकत होतं. हार्तोयो, मुन्तिलान. फरशी आणि इतर दगडी वस्तू.

“इतर,” बापाक म्हणाले आणि टोपी काढून डोकं खाजवलं. “त्या एका शब्दात सगळा खून आहे.”

दुसऱ्या दिवशी दोघे हार्तोयोकडे धडकले. बापाकांनी आपण फरशी घ्यायला आलोय असं सांगितलं. हार्तोयोने किती खोल्या आहेत विचारलं तेव्हा बापाक म्हणाले, “सोडा ते. लेबारानच्या रात्री तुम्ही कुठे होतात?”

“लेबारानच्या रात्री? सासुरवाडीला. अख्खा देश आपापल्या सासुरवाडीला असतो.” हार्तोयो गोल चेहऱ्याचा, थकलेला माणूस होता. त्याने दोघांपुढे तापे ठेवलं. बापाकांनी पुडकं आपल्यापासून थोडं लांब सरकवलं. “वेनिंगच्या कामासाठी आलात ना? बरं झालं. आधी माझी सुटका करा. महिनाभर हॉलंडचे लोक मला पत्रं पाठवताहेत, त्या बाईंचा चोबेक कुठे मिळेल म्हणून. मी एक चोबेक यंत्रावर करून पाठवला, तो परत आला. सोबत फोटो, सांबालमध्ये दगडाची भुकटी. दातांच्या डॉक्टरकडे जावं लागलं म्हणे.”

“आणि तिचे कारागीर पळवताय ते?” लास्त्रीने विचारलं.

“मी कुठे पळवतोय? म्हातारा स्वतः आला होता विचारायला. माझ्याच काकांच्या हाताखाली शिकलेला माणूस, त्याला मी फरशा उचलायला लावणार? लाज वाटते मला. पण नाही म्हटलं तर तो विटांच्या भट्टीवर जाईल.”

परतीच्या वाटेवर लास्त्री म्हणाली, “हा चोर नाही, बापाक.”

“चोराच्या मनात चांदणं असतं, लास्त्री. त्याच्या मनात तर पौर्णिमा होती. तापे दिलं. कशाला दिलं?”

“आपण पाहुणे होतो म्हणून.”

“तू भोळी आहेस.”

भोळ्या लास्त्रीने दोन दिवस खरं काम केलं. ती इबू वेनिंगच्या आवारात जाऊन प्रत्येक देशाचं पान तपासून आली. पानं व्यवस्थित होती. इबूंच्या सुराबायातल्या भाच्याने ती बनवून दिली होती आणि चालवायला मावशीला शिकवून गेला होता. हॉलंडच्या पानावर चोबेक सांबालसाठी होता, तिथल्या लोकांच्या तोंडातल्या शब्दांत. ऑस्ट्रेलियाच्या पानावर तोच चोबेक बागेत पाखरांना पाणी ठेवायला होता, कारण तिथे लोक तो त्यासाठीच शोधत. जपानच्या पानावर त्यात तीळ वाटत होते. किमती त्या त्या देशाच्या चलनात, पत्ते बरोबर, पानं झटकन उघडणारी. दारं सताड उघडी आणि आत पाहुणा नाही. ती चक्रावली.

बापाकांनीही स्वस्थ न बसता सिद्धान्त काढले. पहिला असा की हॉलंडच्या लोकांना एकाच वेळी तिखट सोसेनासं झालं. लास्त्रीने विचारलं, मग जपानमध्ये तीळही सोसेनासे झाले का? दुसरा असा की चोबेकचा फोटो वरून काढल्यामुळे तो गाडीच्या चाकासारखा दिसतो आणि शोधयंत्राने तो चाकांत टाकला. त्यासाठी त्यांनी चाकं शोधली आणि संध्याकाळभर ती बघत बसले. तिसरा सिद्धान्त म्बाह जोयोंवर होता. म्हाताऱ्याने मनातल्या मनात फरशीशी सूत जमवलं आणि मुद्दाम दुकान बुडवलं. म्बाह जोयोंनी आयुष्यात संगणकाला हात लावलेला नव्हता. बापाकांच्या मते हीच सर्वांत संशयास्पद गोष्ट होती.

शनिवारी दुपारी त्यांनी सगळ्यांना इबू वेनिंगच्या बैठकीत गोळा केलं. खऱ्या गुप्तहेराने शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवायचं असतं, त्याशिवाय गुन्हेगार घामाघूम होत नाही, असं त्यांचं मत. इबू वेनिंग, हार्तोयो, म्बाह जोयो, लास्त्री. घाम सगळ्यांनाच आला होता, कारण पंखा बंद होता.

“या खोलीत,” बापाक येरझाऱ्या घालत म्हणाले, “एक जण असा आहे, ज्याने परदेशातल्या गिऱ्हाइकांच्या तोंडावर दार लावलं.”

हार्तोयोने खिशातून रुमाल काढला. बापाक लगेच त्याच्याकडे वळले.

“घाई नाही, हार्तोयो. तुमची पाळी येणार आहे. आधी मी माझ्या पद्धतीबद्दल थोडं सांगतो.”

पद्धत बरीच लांबली. सिंगापूर आलं, मेरापी आला. म्बाह जोयोंचा डोळा लागला. इबू वेनिंग घड्याळाकडे बघून चुळबुळ करू लागल्या. शेवटी त्या अर्धवट उठल्या आणि जावी रीतीने अंगठा पुढे करत अदबीने म्हणाल्या, “बापाक, माफ करा. शेजारच्या सुहार्मीच्या मुलीचं लग्न आहे. रेवांगला जायला हवं. कांदे कोण सोलणार?”

रेवांगला न जाणं म्हणजे शेजार तोडणं. लग्नघरी तीन-तीन दिवस जाऊन सगळ्या बायकांनी स्वयंपाकाला हात लावायचा, इथे कोणी कोणाला बोलावत नाही आणि कोणी चुकतही नाही. लेबाराननंतर लग्नं एकामागोमाग एक असतात. महिनाभर इबू वेनिंगचे हात कांद्याच्या वासाने भरलेले होते.

“जा, पण दाराबाहेर पडू नका,” बापाक म्हणाले.

“नाही, नाही, पुरतं ऐकून जाते. तोवर दारं तेवढी लावून घेते.”

त्या कोपऱ्यात गेल्या. लास्त्रीला वाटलं, आता आवाराचं फाटक ओढतील. इबू संगणकासमोर बसल्या. सवयीच्या हाताने हॉलंडचं पान उघडून खाली एका चौकटीत खूण केली. मग ऑस्ट्रेलियाचं पान, तिथे खूण. मग जपानचं.

लास्त्री उठून त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. चौकटीपुढे लिहिलं होतं: हे पान शोधयंत्रांनी दाखवू नये.

“इबू,” ती म्हणाली, “हे तुम्ही कधीपासून करता?”

“लेबारानपासून. भाच्याने दाखवलं होतं. म्हणाला, मावशी, कोणी येऊ नये असं वाटलं तर ही खूण कर. मग सुट्टीला गावी गेले तेव्हा केली. आता रेवांगला जाताना करते, परत आले की काढते.”

“पण का?”

इबू वेनिंगना प्रश्नच कळला नाही. “का म्हणजे? घरी कोणी नसताना पाहुणा आला तर? हॉलंडहून माणूस एवढ्या लांब येणार, आणि आत चहा विचारायला कोणी नाही. किती वाईट दिसतं ते.”

“आणि आपल्या देशाचं पान?”

“त्यांना काय, त्यांना माहीतच असतं बाई रेवांगला गेली असणार. ते थांबतात.”

 बापाकांचं बोट हार्तोयोवर रोखलेलं तसंच हवेत होतं. लास्त्रीला एकदम उमगलं की दारं उघडी का दिसत होती. तिने जेव्हा जेव्हा पानं तपासली, तेव्हा तेव्हा इबू घरी होत्या. आणि शोधयंत्राला कुठे माहीत, त्यांच्या शेजारात लग्न कधी आहे? ते आपल्या सवडीने चक्कर मारायचं, दारावर ‘येऊ नका’ वाचायचं, आणि मुकाट्याने यादीतून नाव काढायचं. काखेत कळसा म्हणतात तो हाच, आणि वळसा मात्र थेट हॉलंडपर्यंत.

“म्हणजे मीच केलं?” इबू वेनिंगनी विचारलं. त्यांचा चेहरा उतरला. “माझ्यामुळे हे पाच जण उद्या-परवा फरशा उचलणार?”

“तुम्ही पाहुण्यांचा मान राखलात, एवढंच,” लास्त्री म्हणाली. “खूण काढून ठेवू. मी शोधयंत्राला पुन्हा येऊन बघायला सांगते. पण ते लगेच ऐकेलच असं नाही. चार दिवस लागतील, दोन आठवडेही लागतील.”

“नेमकं हेच मी पुढच्या वाक्यात सांगणार होतो,” बापाक म्हणाले आणि बोट खाली घेतलं.

“पुढच्या वाक्यात तुम्ही माझं नाव घेणार होतात,” हार्तोयो म्हणाला.

“त्याच्या पुढच्या.”

म्बाह जोयो जागे झाले होते. त्यांना पुरतं कळलं नव्हतं, पण दार लावलं आणि गिऱ्हाईक गेलं, एवढं कळलं होतं आणि तेवढं पुरे होतं. त्यांनी हार्तोयोकडे पाहिलं. “सोमवारचं राहू दे, बाळा. दोन आठवडे आम्ही थांबतो. बाकीच्यांना मी सांगतो.” मग इबूंकडे वळले. “पण दार आता लावायचं नाही, वेनिंग. कोणी घरी असो, नसो.”

“म्बाह, पण पाहुणा आला तर—”

“येऊ दे. लाज वाटली तर वाटू दे. फरशीपेक्षा बरी.”

 इबू वेनिंग परत संगणकासमोर जाऊन बसल्या आणि तिन्ही खुणा काढल्या.  सबंध लग्नात त्यांचं कांद्यांत लक्ष नव्हतं, असं सुहार्मीने मागून सांगितलं. सोमवारी पाचही कारागीर आवारात आले आणि कामच नसल्यामुळे जुन्या हत्यारांना धार लावत बसले.

पुढच्या आठवड्यात आणखी एक लग्न निघालं. इबू वेनिंग दारं उघडी टाकून रेवांगला गेल्या. दुपारी लास्त्री चौकशीला आवारात आली तेव्हा त्या घाईघाईने परतत होत्या, हात अजून ओले. बापाकही पाठोपाठ आले. आपला सिद्धान्त खरा ठरताना बघायला म्हणून आलो, असं त्यांनी सांगितलं. कुठला सिद्धान्त, ते कोणी विचारलं नाही.

लास्त्रीने संगणक उघडला. हॉलंडची एक बाई येऊन गेली होती. तिने मोठा चोबेक निवडला होता, त्यासोबतचा बत्ता निवडला होता, पैसे भरले होते आणि निरोप न घेता गेली होती. नाव शोधलं तर तिथल्या दुसऱ्या पानावर आलं होतं. पहिलं नाही, पण आलं होतं.

“आली,” लास्त्री म्हणाली. “इबू, मागणी आली.”

इबू वेनिंगना आनंद झाला, तो डोळ्यांत दिसला. पण त्या लगेच खाली बसल्या आणि पदराला हात पुसत राहिल्या. “म्हणजे मी कांदे सोलत होते तेव्हा ती इथे उभी होती. एकटी. कोणी बसा म्हणायला नाही.”

“त्यांना चालतं, इबू. तिकडे असंच असतं.”

“तिकडे असेल. आली तर ती माझ्याकडे ना?” त्यांनी लास्त्रीला लिहायला बसवलं. “लिही, आपण आलात तेव्हा आम्ही घरी नव्हतो, मोठी चूक झाली. शेजारी लग्न होतं. राग धरू नये. पुढच्या वेळी जेवूनच जावं.”

लास्त्रीने तसंच लिहिलं, हॉलंडच्या भाषेत, एक शब्द न बदलता.

बाहेर म्बाह जोयो धार लावायची थांबवून उभे राहिले होते. “कोण आलं होतं, वेनिंग?”

“हॉलंडची एक बाई, म्बाह. आपण कोणीच नव्हतो. चहासुद्धा न घेता गेली.”

 म्हाताऱ्याने मागे जाऊन दगडांच्या ढिगातला सगळ्यात चांगला दगड दोन्ही हातांनी उचलला, जमिनीवर ठेवला आणि छिन्नी मागितली.

“उपाशी गेली म्हणतेस,” तो म्हणाला. “मग चोबेक तरी मनासारखा करून देऊ.”